सरहद्दीचा शिपाई आणि त्याची जमीन

बायझंटाइन साम्राज्य म्हटले की राजवाड्यातील कटकारस्थानेच डोळ्यांपुढे येतात. परंतु अरबांच्या स्वाऱ्यांपुढे या ग्रीकभाषी साम्राज्याने आशिया मायनर शतकानुशतके राखला, त्यात ‘थीम’ नामक लष्करी प्रांतांचा वाटा मोठा होता. आनातोलिकोन व आर्मेनियाकोन हे त्यांतील प्रमुख. तेथला शिपाई गावकरीच असे. घोडा आणि हत्यारे यांचा खर्च पुढे त्याच्या घरच्या जमिनीवरच बसला.

ही जमीनच धोक्यात आली. ९२७-२८ च्या भीषण हिवाळ्याने दुष्काळ पडला आणि धनदांडग्यांनी उपाशी शेतकऱ्यांची शेते कवडीमोलाने घशात घातली. ९३४ मध्ये सम्राट रोमानोस लेकापेनोस याने अशा जमिनी परत करण्याचा कायदा केला. पुढे सातव्या कॉन्स्टंटाइनने घोडेस्वाराची चार पौंड सोन्याच्या मोलाची जमीन विक्रीस अपात्र ठरविली. ९९६ मध्ये दुसऱ्या बेसिलने तर चाळीस वर्षांच्या वहिवाटीची ढालही बलवंतांच्या हातून काढून घेतली.

या सम्राटांना गरिबांचा कळवळा होता, असे मात्र समजू नये. शेतकरी बुडाला तर करही बुडतो आणि शिपाईही, हा त्यांचा रोकडा हिशेब होता.

तरीही हे कायदे निष्प्रभ का ठरले? उत्तर ९३४ च्या कायद्यातच आहे. ‘बलवंत’ म्हणून त्यात ज्यांची गणना केली, ते होते बडे अधिकारी, सेनानी, बिशप आणि मठाधिपती. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध कायदा, त्यांच्याच वर्गाकडे त्याची अंमलबजावणी! बलवंतांनी गरिबांचा थकलेला कर भरावा, हा बेसिलचा नियम त्याच्या मृत्यूनंतर सुमारे तीन वर्षांतच, १०२८ मध्ये गादीवर आलेल्या तिसऱ्या रोमानोसने रद्द केला. अकराव्या शतकात लष्करी सेवेऐवजी कर घेण्याची प्रथा वाढली. भाडोत्री सैन्यावरची भिस्तही वाढली. १०७१ मध्ये मांझिकर्ट येथे सम्राट सेल्जुकांच्या हाती सापडला आणि लवकरच आशिया मायनरचा बहुतेक भाग गेला. या पराभवामागे गादीसाठीची भांडणेही होती. पण सरहद्दीवरचा स्थानिक शिपाई त्यापूर्वीच खचला होता.

जमिनीच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्याने यातून एवढे ध्यानी घ्यावे, की वरून आलेला चांगला कायदा खाली संघटित शेतकरी नसेल तर एका सम्राटाच्या आयुष्याइतकाच टिकतो.