अनशापोटी म्हणजे काय रे भाऊ?

ऑनसाइटला जायचं ठरलं की कंपनी आपल्याला आधी काय देते? तिकीट? नाही बॉस, 'क्रॉस-कल्चरल ट्रेनिंग'! जपानी माणसाचं व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्यायचं, जर्मन क्लायंटच्या मीटिंगला दोन मिनिटंही उशीर करायचा नाही, ब्रिटिश माणूस 'इंटरेस्टिंग' म्हणाला तर लगेच खूश व्हायचं नाही. हिंजवडीत मी हे दोन दिवसांचं ट्रेनिंग केलंय. लंचसकट. सर्टिफिकेटही मिळालं.

आता जरा आमच्या थेरगावात या. डांगे चौकापासून चालत सुटलात तर दर दोन मिनिटांनी एक क्लिनिक, लॅब किंवा मेडिकल लागतं. महापालिकेचं रुग्णालय इथंच आहे आणि २००६ मध्ये सुरू झालेलं आदित्य बिर्ला मेमोरियलही. वेटिंगमध्ये बसलेली माणसं बघा. बीडहून आलेले काका, चाकणला वेल्डिंग करणारा ओडिशाचा मुलगा, घुंगट घेतलेली राजस्थानी बाई, लॅपटॉप बॅगवाला तमीळ इंजिनीअर. काउंटरवरची मुलगी लातूरची, सिस्टर केरळची. एका शिफ्टमध्ये अर्धा भारत समोरून जातो. आणि मी ज्या चार-पाच ठिकाणी चौकशी केली, तिथं या मुलींना ट्रेनिंग होतं ते बिलिंग सॉफ्टवेअरचं!

त्यानं काय होतं, ते आमच्या वॉचमनचाचांच्या बाबतीत बघितलं. चाचा बिहारचे, पन्नाशीचे. पायाच्या अंगठ्याला जखम झाली, भरेना. डॉक्टरांना शुगरची शंका आली. काउंटरवरून सांगितलं गेलं, "उद्या अनशापोटी या." चाचा दुसऱ्या दिवशी चहा-पाव खाऊन हजर. "अहो, अनशापोटी म्हटलं होतं ना! आता उद्या या," हे जरा वरच्या पट्टीत. (समोरच्याला भाषा कळली नाही की आवाज वाढवायचा, हा आपला राष्ट्रीय उपाय.) तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चाचा कॉन्ट्रॅक्टवर, खाडा म्हणजे पगार कट. चौथ्या दिवशी ते गेलेच नाहीत. हळद लावली. शुगरनं पायाची जाणीवच कमी झालेली, त्यामुळे फार दुखलंही नाही. तीन आठवड्यांनी दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा अंगठा काळा पडला होता. काढावा लागला.

त्या मुलीला खलनायिका करू नका. तिनं अगदी शुद्ध मराठी शब्द वापरला. तिला 'खाली पेट' म्हणायला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि 'खाली पेट'मध्येही गंमत आहेच. गावाकडच्या आजीला तसं सांगून बघा, ती ओटीपोटावर हात ठेवेल!

हिंदी आणि मराठी सख्ख्या बहिणी असल्यामुळेच जास्त घोटाळे होतात. 'पीठ में दर्द है' यातली पीठ आपल्याकडे डब्यात असते. आपला खोकला तिकडे 'खोखला' म्हणजे पोकळ. 'कल से बुखार' हे ठीक, पण 'कल दवा ली' की 'कल लेनी है'? एकच 'कल', काल आणि उद्या दोन्हीला. मराठीचा थाट तर वेगळाच. कणकण, कसर, ठणका, शिणक, चमक, मुरडा, मळमळ. 'कसंनुसं होतंय' याचं भाषांतर कुणी करून दाखवावं! आणि 'अंगावरून जातंय' हे वाक्य बाहेरच्या राज्यातून आलेल्या डॉक्टरला कसं कळणार?

हे शेवटचं वाक्य साधं नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. त्याआधी त्यासाठी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. आजार घराघरात होता, पण सांगायचं कुणाला आणि कुठल्या शब्दांत?

बंग दांपत्यानं १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात आणि आमच्यात पांढरं कापड मेलेल्या माणसाला गुंडाळतात, तिथलं बोलणं कळत नाही, अशी उत्तरं आली. मग शोधग्रामचा दवाखाना गोंड वस्तीसारखा, झोपड्या-झोपड्यांचा बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. ट्रेनिंगचा सगळ्यात मोठा फंडा इथंच आहे. समोरच्याच्या चालीरीती पाठ करू नका, त्याला विचारा.

अमेरिकेतल्या ऑर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञानं आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये हेच प्रश्नांच्या रूपात मांडलं. तुम्ही या आजाराला काय म्हणता, तो कशामुळे झाला असं वाटतं, तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. दोन-तीन मिनिटांचं काम. ते न केल्याची किंमतही तिथं मोजली गेलीय. १९८० मध्ये फ्लोरिडात विली रामिरेझ नावाच्या १८ वर्षांच्या मुलाला बेशुद्ध अवस्थेत आणलं. घरच्यांनी 'इन्टॉक्सिकादो' हा स्पॅनिश शब्द वापरला, म्हणजे काहीतरी खाण्यातून बाधलंय. डॉक्टरांनी अर्थ घेतला ड्रग्जचा ओव्हरडोस. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलाचे चारही हातपाय लुळे पडले. भरपाई ठरली सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर्स. एका शब्दासाठी!

आपल्याकडे अगदीच अंधार आहे असं नाही. एमबीबीएसच्या २०१९ च्या बॅचपासून नव्या अभ्यासक्रमात 'एटकॉम' म्हणजे वर्तन, नीतिमत्ता आणि संवाद हा भाग आला. सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषाही आली. झकास! पण पेशंटला पहिला भेटतो तो डॉक्टर नसतो. भेटतात काउंटरवरची ताई, वॉर्डातले मामा, मावशी आणि सिक्युरिटीवाला. ट्रेनिंग तिथून सुरू व्हायला हवं. आणि ते दोन्हीकडून हवं. केरळच्या सिस्टरला 'कळ' आणि 'ठणका' यातला फरक शिकवा, लातूरच्या ताईला 'परहेज' आणि 'पेडू' शिकवा.

त्यासाठी स्टार हॉटेलची कॉन्फरन्स रूम नको. भिंतीवर चार भाषांत वीस वाक्यांचा तक्ता. आणि एक सवय, सांगून झालं की विचारायचं, "मैंने ठीक से बताया ना? अब आप बताइए, कल क्या करके आओगे?" 'समझा क्या?' असं विचारलं तर कुणीही मान हलवतो. चाचांनीही हलवली होती. पण स्वतःच्या शब्दांत सांगायला लावलं असतं, तर 'चाय पीकर आऊंगा' हे तिथल्या तिथं बाहेर पडलं असतं.

आपल्यासारख्या लॅपटॉपवाल्यांनी काय करायचं? आपल्या कंपन्यांकडे ट्रेनर आहेत, स्लाइड्स आहेत, सीएसआरचं बजेट आहे. झाडं लावून आणि सेल्फी काढून झाले असतील, तर एचआरला एक मेल टाका. जवळच्या एखाद्या छोट्या हॉस्पिटलच्या फ्रंट डेस्कसाठी एक शनिवार द्या. तेवढंही जमत नसेल, तर घरच्या मावशी, वॉचमन, ड्रायव्हर यांच्या हातात लॅबची चिठ्ठी दिसली की दोन मिनिटं थांबा आणि उद्या नक्की काय करून जायचंय, ते त्यांच्याच तोंडून ऐका. क्लायंटचं कार्ड दोन्ही हातांनी घेता येतं आपल्याला. ही चिठ्ठीही घेता येईल.