खाकीचा अधिकार आणि आपली सही

दवाखान्याच्या दारात पोलीस उभा राहिला की भल्याभल्या डॉक्टरांचाही धीर सुटतो. वास्तविक पोलिसांचा अधिकार कायद्याने दिलेला आहे आणि म्हणूनच कायद्यानेच तो मर्यादितही केला आहे. अटक करण्याचा अधिकार असणे वेगळे आणि ती अटक समर्थनीय ठरणे वेगळे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली जोगिंदर कुमार खटल्यात स्पष्ट केले. पुढे २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात आपल्याला दिलासा मिळाला. केवळ निष्काळजीपणाचा आरोप झाला म्हणून डॉक्टरला सरसकट अटक करू नये. कारवाईपूर्वी तपास अधिकाऱ्याने त्या विषयातील जाणकाराचे, शक्यतो सरकारी डॉक्टरचे, निष्पक्ष मत घ्यावे, असे न्यायालयाने सांगितले.

या निकालाचा आपण आवर्जून उल्लेख करतो. परंतु अधिकाराला मर्यादा असते हे तत्त्व केवळ आपल्या व्यवसायाच्या सोयीसाठी नाही. कोठडीतील आरोपीलाही तेच तत्त्व तारते, आणि तेथे त्या मर्यादेचा राखणदार डॉक्टर असतो. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली न्यायालयाने कोठडीतील व्यक्तीची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करण्याचा दंडक घालून दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार अटकेनंतर लवकरात लवकर तपासणी व्हावी लागते. अंगावरील जखमा, मारहाणीच्या खुणा आणि त्या झाल्याची अंदाजे वेळ डॉक्टरने नोंदवायची असते. अहवालाची प्रत त्या व्यक्तीला किंवा तिने सुचविलेल्या माणसाला द्यायची असते. स्त्रीची तपासणी स्त्री डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली व्हावी लागते.

‘साहेब, जरा मेडिकल करून द्या’ असे म्हणत कागद पुढे सरकवला जातो, त्या क्षणी हे सारे आठवले पाहिजे. पोलीस तपासणीची विनंती करू शकतात. निष्कर्ष सांगू शकत नाहीत. माझ्या मते, शिपायाला खोलीबाहेर थांबण्यास सांगावे, त्या माणसाला विश्वासात घेऊन नीट तपासावे, आणि जे दिसले तेच लिहावे. न तपासता लिहिलेले ‘जखमा नाहीत’ हे दोन शब्द एखाद्याला न्यायाला मुकवू शकतात.

आपल्यावर प्रसंग आला तर ज्या कायद्याचा आधार आपण मागू, तो दुसऱ्याला नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मला मनापासून वाटते.