खंड्याची जहागीर

सातारच्या शाहू महाराजांच्या एका आवडत्या कुत्र्याने शिकारीच्या प्रसंगी वाघाच्या तावडीतून धन्याचे प्राण वाचवले, तेव्हा महाराजांनी त्याच्या नावे रीतसर सनद करून त्याला जहागीर लावून दिली व पालखीचा मान बहाल केला, असे ग्रँट डफने मराठ्यांच्या आपल्या इतिहासग्रंथात लिहून ठेवले आहे. सातारकर त्या कुत्र्याला खंड्या म्हणतात आणि संगम माहुलीस गेलेल्या पाहुण्याला त्याची समाधी आजही दाखवतात. एवढा सन्मान करणाऱ्या ह्याच समाजाच्या बोलीत 'कुत्र्याच्या मौतीने मरणे' ह्याहून हीन मरण नाही, आणि श्रीदत्ताच्या पायांशी बसलेल्या चार कुत्र्यांना वेद मानून हात जोडणारा गृहस्थ देवळाबाहेर पडताच पायरीवरच्या पाचव्याला हाडहुड करतो. कुत्र्याला एक तर पालखी, नाही तर धोंडा, असा आपला शिरस्ता. त्याला नेमून दिलेले काम, त्या कामाचे शिक्षण आणि वय झाल्यावर सुखाची निवृत्ती, असा तिसराही व्यवहार असू शकतो हे आपल्या ध्यानात फारसे आलेले नाही. आणि युद्धात किंवा अपघातात शरीराने वा मनाने जायबंदी झालेल्या माणसाच्या पुनर्वसनात नेमका हाच व्यवहार मोलाचा ठरत असल्यामुळे त्याची कैफियत मांडण्याचा हा खटाटोप.

जायबंदी माणसाच्या मदतीसाठी कुत्रा शिकवण्याची ही विद्या रुजली ती युद्धातच. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या एका जर्मन सैनिकाबरोबर रुग्णालयाच्या बागेत फिरत असता डॉ. गेरहार्ड श्टालिंग ह्यांना तातडीचे बोलावणे आले, म्हणून ते आपला कुत्रा त्या सैनिकापाशी ठेवून गेले, आणि परत येऊन पाहतात तो कुत्रा त्याला सांभाळून नेत आहे, अशी कथा सांगतात. कथा मागाहून सजवलेली असेलही. परंतु 1916 च्या ऑगस्टमध्ये ओल्डेनबुर्ग येथे अंध सैनिकांसाठी मार्गदर्शक कुत्र्यांची पहिली शाळा उघडली, ही गोष्ट दफ्तरी नमूद आहे. पुढे पॉट्सडॅमला तशीच दुसरी शाळा निघाली. ती पाहून आलेल्या डोरोथी यूस्टिस ह्या अमेरिकन बाईंनी 1927 साली 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' ह्या साप्ताहिकात लेख लिहिला, आणि तो टेनेसी प्रांतातल्या नॅशव्हिल गावी मॉरिस फ्रँक नावाच्या विशीच्या उंबरठ्यावरच्या अंध तरुणाला त्याच्या वडिलांनी वाचून दाखवला.

फ्रँकने यूस्टिसबाईंना जे पत्र लिहिले त्यातली मागणी मोठी विचार करण्याजोगी आहे. मला कुत्रा पाठवून द्या, असे तो म्हणाला नाही. मला शिकवा, मग मी त्या कुत्र्यासह इकडे येऊन अंध माणूस स्वतःच्या बळावर कसा वावरू शकतो हे लोकांना दाखवीन, असे त्याने कळवले. स्वित्झर्लंडात शिकून बडी नावाच्या कुत्रीसह तो परतला आणि 1928 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या वेस्ट स्ट्रीटवरची भरधाव रहदारी वार्ताहरांच्या देखत त्याने ओलांडली. त्यानंतर बाईंना केलेल्या तारेत 'यशस्वी' ह्या अर्थाचा एकच शब्द होता. पुढल्याच वर्षी निघालेल्या 'सीइंग आय' ह्या संस्थेने कुत्रा नेणाऱ्याकडून 150 डॉलर आणि माजी सैनिकाकडून एक डॉलर घ्यावयाचा, असा नियम केला. एका डॉलरने संस्थेची कोठी भरत नाही, हे उघड आहे. घेणाऱ्याची मान ताठ राहावी, एवढ्याचसाठी तो डॉलर. दानधर्मात मुरलेल्या आपल्या मनाला ही खुबी चटकन उमगत नाही. आपण चाकाची खुर्ची देतो तीसुद्धा व्यासपीठ उभारून, हार घालून, छायाचित्र काढून देतो.

ह्या शिक्षणातला सर्वांत कठीण धडा हुकूम मोडण्याचा असतो. धन्याने 'पुढे' म्हटले आणि समोरून मोटार येत असली, तर कुत्र्याने जागचे हलू नये. ह्या विवेकी अवज्ञेवाचून मार्गदर्शक कुत्र्याचे शिक्षण पुरे होत नाही. सरकारी नोकरीत तो फार दिवस टिकला नसता!

पण मला अधिक मोलाची वाटते ती ह्याच कल्पनेची अलीकडली शाखा. इराक आणि अफगाणिस्तानच्या लढायांतून परतलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी पुष्कळांचे हातपाय शाबूत होते, पण झोप गेली होती. फटाक्याच्या आवाजाने अंग थरथरावे, दुकानात पाठीमागे कोणी उभे राहिलेले सोसू नये, स्वतःच्या मुलांशी चार गोड शब्द बोलता येऊ नयेत, अशी त्यांची दशा झाली होती. 2008 साली कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, माजी सैनिक खात्याच्या रुग्णालयाच्या आवारात, रिक यूंट ह्या समाजसेवकाने अशा सैनिकांच्या हाती पिल्ले दिली. मात्र ती पाळण्यासाठी दिली नाहीत. ती शिकवून तयार करावयाची आणि मग ज्याचे पाय गेले आहेत अशा दुसऱ्या एखाद्या सैनिकाच्या स्वाधीन करावयाची, अशी अट होती. पिल्लाची स्तुती त्याच क्षणी आणि उल्हसित स्वरात केली तरच त्याला ती पोचते. म्हणून ज्याचा आवाज वर्षानुवर्षे सपाट झाला आहे तो सुभेदारी थाटाचा गडी चारचौघांत लाडिक सूर काढावयास शिकतो. पिल्लाला गर्दीची सवय लावली पाहिजे. म्हणून जो महिनोन्महिने घराबाहेर पडला नाही त्याला बाजारात, बसमध्ये, उपाहारगृहात जावे लागते. आणि मोटारीचा धडाका झाला की पिल्लाने बिचकू नये एवढ्यासाठी, त्याच्याआधी त्या माणसाने स्वतः न बिचकता 'काही नाही, काही नाही' असे त्याला समजवावे लागते. औषधाच्या बाटलीवर हे लिहून दिले असते तर त्याने ती बाटली फेकून दिली असती. येथे तो रोगी म्हणून बसलेला नाही, आपल्या जायबंदी सोबत्याचे काम करीत आहे, आणि सैनिकाला ही भाषा कळते.

ह्या उपक्रमांविषयी भाबडेपणाने बोलण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने 2021 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, काही सैनिकांना कामे शिकवलेले मदतनीस कुत्रे आणि काहींना केवळ सोबतीचे कुत्रे देऊन तुलना करण्यात आली; तेव्हा दैनंदिन जीवनातील अक्षमतेत दोहोंमध्ये फरक आढळला नाही, मात्र मदतनीस कुत्रा लाभलेल्यांच्या मानसिक आघाताच्या लक्षणांत आणि आत्मघाताच्या विचारांत थोडी अधिक घट दिसली. थोडी, एवढेच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा होऊन, सैनिकांनीच कुत्रे शिकवण्याचा प्रयोग पाच वर्षांच्या मुदतीने पाच केंद्रांत करावा, असे ठरले. शिवाय एकेक कुत्रा तयार होण्यास दीड-दोन वर्षे आणि हजारो डॉलर लागतात, आणि शिकवलेली सगळीच पिल्ले कामास उतरत नाहीत. तिकडे आपल्या लाडक्या कुत्र्याला बाजारातून आणलेला खोटा अंगरखा चढवून त्याला विमानात नेणारे लबाडही निघालेच, आणि त्यांचा जाच सोसावा लागतो तो खऱ्या गरजवंताला.

आपल्याकडे ह्याची तजवीज कोठे करावी, असे कोणी विचारील तर मी खडकीचे नाव घेईन. युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना हुन्नर शिकवण्यासाठी 1917 साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट तेथे आहे. मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठी 1974 साली निघालेले पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरही तेथेच आहे, आणि तेथील जवान तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात, चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात. दुसरीकडे मेरठला रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात स्फोटके हुंगणारी आणि माग काढणारी कुत्री तयार करण्याची विद्या सैन्यापाशी कित्येक वर्षे आहे. मेरठचे दोन-चार जाणते शिक्षक आणि दहा-बारा लॅब्रॅडॉर पिल्ले खडकीला आणावीत, आणि खुर्चीत बसलेल्या जवानांनीच त्यांना पडलेली किल्ली उचलून देणे, दाराची दोरी ओढणे, दिव्याचे बटण दाबणे, खुर्ची कलंडली तर भुंकून माणूस बोलावणे, ही कामे शिकवावीत. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमधील जलतरण तलावातून सुवर्णपदक काढून आणले, ते कोणाच्या अनुकंपेवर नव्हे. अशा माणसांच्या फौजेला शिक्षकाची जागा द्यावयास आपण का कचरावे?

आवाराबाहेरचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि तो मी सोपा करून सांगणार नाही. अंध माणसाला घेऊन कुत्रा पुण्याच्या रस्त्याने निघाला, तर पदपथावर उभ्या केलेल्या दुचाक्या, उघडी गटारे आणि कोपऱ्याकोपऱ्यावरची भटकी टोळी ह्यांतून तो कोणता मार्ग दाखवणार? 'अपंग' हा शब्द दफ्तरातून बरखास्त होऊन त्याच्या जागी 'दिव्यांग' रुजू झाला, त्याला दिवस झाले. पदपथाची उंची तेवढी जैसे थे राहिली. अमेरिकेत 1990 च्या अपंगविषयक कायद्याच्या आधारे मदतनीस कुत्र्याला दुकानात, उपाहारगृहात, कचेरीत धन्याबरोबर जाण्याची मुभा मिळाली. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखालीही तशी मुभा स्पष्ट शब्दांत आणि खोट्या अंगरख्यावाल्यांना दंड ठेवून द्यावी, एवढी मागणी सरकारदरबारी करणे रास्त होईल. हॉटेलच्या दाराशी उभ्या असलेल्या पोऱ्याला कलम दाखवता आले पाहिजे. त्याच्या मर्जीवर हे काम सोडून चालणार नाही.

तोवर वाचकांपाशी एक विनंती. आज ना उद्या, विमानतळावर म्हणा किंवा लष्करी वसाहतीच्या फाटकाशी म्हणा, अंगावर हार्नेस चढवलेला एखादा कुत्रा आपल्या माणसाच्या गुडघ्याला लागून चाललेला आपल्याला दिसेल. त्याला पाहून शीळ घालू नका, त्याच्या डोक्यावरून हात फिरवू नका, आणि खिशातले ग्लुकोजचे बिस्कीट त्याच्यापुढे टाकू नका. तो कामावर आहे. बोलायचेच असेल तर त्या माणसाशी बोला.