आधी शुक्र, मग मागणे

सहरी आटोपून कामतघरच्या गल्ल्यांतून माणसे फजरच्या नमाजला निघतात, तेव्हा कुठे यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो, कुठे तो थांबलेला असतो. भिवंडीतल्या हजारो घरांचा हिशेब या आवाजावर चालतो. बहुतेक माग कामगारांना बांधील पगार नाही; जेवढे कापड निघेल तेवढी मजुरी. सूत महागले, कापडाला उठाव नसला की माग थांबतो आणि त्याच्याबरोबर किराणा, खोलीचे भाडे, मुलांची फी सगळेच अडते. अशाही घरात रोजा असतो, नमाज असते. मग हा माणूस नेमके कशाचे आभार मानतो?

याचे उत्तर नमाजच्या रचनेतच आहे. दिवसाच्या पाच नमाजांत मिळून 17 रकाती फर्ज आहेत : फजरच्या 2, जोहर आणि असरच्या प्रत्येकी 4, मगरिबच्या 3 आणि इशाच्या 4. प्रत्येक रकातीत सूरह फातिहा पढली जाते. तिची सुरुवात मागण्याने होत नाही, अल्लाहच्या स्तुतीने होते. मागणे नंतर येते आणि तेही धनदौलतीचे नाही, सरळ मार्गाचे. दिवस चांगला गेला म्हणून आभार, असा हा व्यवहारच नाही. दिवस कसाही जावो, आभाराची वेळ ठरलेली आहे. मन जागेवर नसले तरी माणूस वजू करतो, सफमध्ये उभा राहतो, कपाळ जमिनीला टेकवतो. नमाजनंतर उधारी तेवढीच असते. पण उधारीपलीकडेही आपल्याजवळ काही आहे, धडधाकट हात आहेत, वाट पाहणारे घर आहे, याची आठवण झालेली असते.

रमजान हाच धडा शरीराला देतो. दिवसभर मागासमोर उभे राहून घामेजलेल्या माणसाला मगरिबच्या अजानला मिळालेला पाण्याचा पहिला घोट काय असतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. एरवी त्याच पाण्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

मात्र शुक्र म्हणजे गप्प बसणे नव्हे. पोट भरलेल्याने उपाशी माणसाला ‘शुक्र कर’ असे सांगणे सोपे असते; त्यात इबादत कमी आणि सोय जास्त असते. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, अशी पैगंबरसाहेबांची शिकवण हदीसमध्ये आहे. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, असेही त्यांनी सांगितले आहे. ज्याच्या हातात चार पैसे आहेत, त्याचा शुक्र जीभेवर थांबून चालत नाही. त्यासाठी वर्षाच्या बचतीवर अडीच टक्के जकात आहे, ईदच्या नमाजआधी द्यायचा फित्रा आहे. आणि या दोन्हींच्या आधी कामगाराची थकलेली मजुरी आहे. ती दान नव्हे, देणे आहे.

कांड्या भरणारी बाई, तागे वाहणारा हमाल, महिनाअखेरपर्यंत उधारीवर जेवू घालणारी खानावळवाली, यांच्यापैकी कोणी रोजा धरतो, कोणी एकादशी, कोणी काहीच नाही. कामतघरचे घर यांच्या हातांवर उभे आहे. सजद्यातून उठलेल्या माणसाला ही माणसे दिसू लागली, तर त्याची नमाज मशिदीच्या पायरीपाशी संपली नाही असे म्हणता येईल.