पट शंभर नसलेल्या शाळेतल्या मुलांना खेळ कोण शिकवणार?



पुणे जिल्ह्याच्या वार्षिक योजनेत भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांसाठी खेळाच्या नावाने जे काही येते, ते बहुतेक बांधकाम असते. क्रीडांगण विकास, व्यायामशाळा विकास, तालुका क्रीडा संकुल. त्यातून कुंपण होते, सपाटीकरण होते, साहित्य येते. शिकवणाऱ्या माणसाचे मानधन त्यात नसते. या दोन्ही तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांत शिकवून मी निवृत्त झाले आहे. माझे म्हणणे असे, की या डोंगरी भागात खेळावरचा सरकारी पैसा आधी माणसावर खर्च व्हायला हवा. दर आठवड्याला वाडीवर येणाऱ्या, प्रत्येक मुलाला नीट धावायला, उडी मारायला, झेलायला, फेकायला, तोल सावरायला आणि पोहायला शिकवणाऱ्या माणसावर.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे परिशिष्ट काढून पाहा. सहावी ते आठवीच्या वर्गांचा पट शंभराच्या वर असेल, तरच आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक मिळू शकतो. पहिली ते पाचवीसाठी अशी तरतूदच नाही. केळद, पासली, हिर्डोशी, भुतोंडे या बाजूच्या वाड्यांवरच्या शाळेत दोन शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळतात. त्यातला एक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की उरलेल्या एकाने सगळे वर्ग एकत्र बसवायचे. अशा दिवशी वेळापत्रकातला शारीरिक शिक्षणाचा तास कुठे जातो, हे कुठल्याही गुरुजींना विचारा. समग्र शिक्षा अभियानातून प्राथमिक शाळेला खेळासाठी वर्षाला ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार आणि माध्यमिकला २५ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यातून चेंडू, दोऱ्या, रिंगा येतात. ते हवेच आहे, पण पहिलीतल्या पोराला झेल कसा घ्यायचा हे चेंडू शिकवत नाही.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले असते: मावळातली पोरे मुळातच काटक, डोंगर चढून शाळेत येतात, त्यांना खेळाच्या शिकवणीची गरज काय? हे उत्तर मला फार खटकते. चालण्याने दम वाढतो, पाय घट्ट होतात. एवढ्याने अंगाला सगळे येत नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी आपली मुले-मुली पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. धावण्यात ती मागे नसतात. गोळा मात्र त्यांतल्या कितीतरी जणांच्या हाती पहिल्यांदा येतो तो अठराव्या-विसाव्या वर्षी, आणि तोही पैसे भरून लावलेल्या अकादमीत. खांदा, कंबर आणि पाय एका लयीत वापरण्याची सवय सातव्या-आठव्या वर्षी सहज लागते. ती तेव्हा लागली नाही, की पुढे नोकरीच्या मैदानात गुण जातात.

मुलींचे तर याहून अवघड. चौथी-पाचवीपर्यंत लंगडी, खो-खो खेळणारी मुलगी सहावीनंतर मैदानाच्या कडेला उभी राहू लागते. शिकवायला बाई असेल, वेळ ठरलेली असेल आणि सगळ्याच मुली खेळत असतील, तर घरचे अडवत नाहीत, हा माझा अनुभव आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्हींचे कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. आपल्याच मातीतला हा खेळ. मात्र खो-खोला एका बाजूचे नऊ खेळाडू लागतात आणि आपल्याकडे अख्ख्या शाळेचा पट कधी कधी तेवढाच असतो.

आता पोहण्याबद्दल. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी ही सगळी पाणी साठवणारी धरणे या दोन तालुक्यांच्या जमिनीवर उभी आहेत. फुगवट्याच्या काठी गावे आहेत, मुले रोज त्या पाण्याजवळून जातात. मे २०२२ मध्ये भोर तालुक्यात नऱ्हे गावाजवळ भाटघरच्या पाण्यात पाच जणी बुडून गेल्या. ती बातमी वाचून हळहळ सगळ्यांनीच व्यक्त केली. त्यानंतर या काठच्या मुलींना पोहायला शिकवण्यासाठी सरकारी आराखड्यात एखादी ओळ यायला हवी होती. मुलगे निदान पाठीला डबा बांधून विहिरीत उतरतात. मुलींना तेही कुणी शिकवत नाही. प्रशिक्षित माणूस, जॅकेट, दोर आणि उथळ सुरक्षित जागा एवढ्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत पहिले धडे देता येतील. खेळाच्या सगळ्या खर्चात कुठल्या एका गोष्टीला प्राधान्य द्यायचे, असे मला कुणी विचारले, तर मी हेच सांगेन.

कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा झाल्या की खेळ शिकवण्याचा प्रश्न आपोआप सुटेल, असेही सांगितले जाते. वेल्हे तालुक्यातल्या पानशेतची समूह शाळा आणि नंदुरबारमधले तोरणमाळ यांचे उदाहरण शिक्षण विभागाने २०२३ मध्ये राज्यापुढे ठेवले आणि वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी तसे प्रस्ताव मागवले. मुले एकत्र आली की संघ होतात, मैदान मिळते, हा फायदा खरा आहे, तो मी नाकारत नाही. तरी गाडीने आलेले मूल संध्याकाळी पुन्हा आपल्या वाडीवर जाते. तिथली संध्याकाळ, सुट्टीचे दिवस आणि अंगणवाडीतली धाकटी भावंडे यांच्यासाठी समूह शाळेत काहीच नाही. शिवाय एकत्र खेळायला मिळावे म्हणून वाडीची शाळाच बंद करावी लागत नाही. चार वाड्यांची मुले आठवड्यातून एकदा एका मैदानावर आणता येतात. पावसाळ्यात वेल्ह्यात मैदान वापरताच येत नाही, तेव्हा समाजमंदिर असते, देवळाचा मंडप असतो.

पैसा नाही, असे म्हणण्याला जागा नाही. तालुका क्रीडा संकुलासाठीच्या अनुदानाची मर्यादा २०२२ मध्ये १ कोटीवरून ५ कोटी रुपये झाली. स्थानिक, बारावी झालेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या तरुण-तरुणीला महिना १५ हजार मानधन दिले, तर वर्षाचे १ लाख ८० हजार होतात. साहित्य आणि प्रवास धरून २ लाख. म्हणजे एका संकुलाच्या रकमेत २५ जण १० वर्षे काम करतील. प्रत्येकाने आठवड्याचे पाच दिवस पाच शाळा धरल्या, तर १२५ शाळांत दर आठवड्याला एक पूर्ण दिवस खेळाचा होतो. संकुल नकोच, असे मी म्हणत नाही. भोरच्या मुलांना धावपट्टी मिळाली तर आनंदच आहे. पण भुतोंड्याच्या सात वर्षांच्या मुलीला त्या धावपट्टीपर्यंत कोण नेणार?

इंग्लंडने २०१३ पासून प्राथमिक शाळांना खेळासाठी वेगळा निधी दिला, २०१७ मध्ये गोड पेयांवरच्या कराच्या पैशातून तो दुप्पट केला. तेव्हा सूत्र असे ठरले: सतरा किंवा त्याहून जास्त मुले असतील तर शाळेला १६ हजार पौंड आणि वर प्रत्येक मुलामागे १० पौंड. सोळा किंवा कमी मुले असतील तर प्रत्येक मुलामागे १ हजार पौंड. शाळा लहान, म्हणून तिथल्या मुलामागची रक्कम जास्त. आपल्याकडे शाळा लहान, म्हणून खेळाचा शिक्षकच नाही. इंग्लंडइतका पैसा आपल्याकडे नाही हे मान्य, पण वाटपाचे सूत्र घ्यायला पैसे लागत नाहीत.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून हे व्हावे, असे काहींचे मत आहे. कायद्यात ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाला जागा आहे आणि पुणे-सातारा महामार्गालगत कारखानेही आहेत. त्यांनी साहित्य द्यावे, पोहण्याची जॅकेट द्यावीत. मानधनाची जबाबदारी मात्र त्यांच्यावर टाकू नये. तो निधी वर्षागणिक बदलतो आणि मुलाचे अंग तयार व्हायला पाच-सहा वर्षे सलग लागतात. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतून शाळांत तरुण आले. त्यांची मुदत आधी सहा आणि नंतर अकरा महिन्यांची. मुलांशी सूर जुळतो, तोवर ते जातात.

गाव मागे राहणार नाही, हे मी खात्रीने सांगते. यात्रेतल्या कुस्त्यांसाठी आपल्या गावांत वर्गणी निघते, दिवाळीनंतर भाताची खाचरे मोकळी झाली की तरुण मंडळे कबड्डी आणि क्रिकेटचे सामने भरवतात. हे सगळे खेळाच्या प्रेमातूनच होते. तिथे उतरतात ते आधीच चांगले खेळणारे. मागे राहिलेल्या, लठ्ठ, लाजऱ्या, अपंग मुलांना हात धरून मैदानात आणायला पगारी माणूसच लागतो.

आधी दवाखाना, आधी पाणी, असे म्हणणाऱ्यांचा राग मला येत नाही. त्यांची मागणी रास्त आहे. मी त्या कामांतला रुपयाही मागत नाही. खेळाच्याच रकान्यातला मागते आहे. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात. पुढच्या आराखड्यात या दोन तालुक्यांसाठी क्रीडा मार्गदर्शकांच्या मानधनाचे स्वतंत्र लेखाशीर्ष त्यांनी धरावे, आणि ते निदान पाच वर्षांसाठी. निवड स्थानिकांमधून व्हावी, निम्म्या जागा महिलांना असाव्यात, हजेरीवर शाळा व्यवस्थापन समितीची सही लागावी. आणि कामाचा हिशेब पदकांवर मांडू नये. पाचवीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला पोहता, झेलता, फेकता येते का, हे वर्षातून एकदा पाहून ग्रामसभेत वाचून दाखवावे.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, भोर