स्टीलच्या टाकीत 'क्राफ्ट', पत्र्याच्या पिंपात गुन्हा!

मागच्या महिन्यात एका सहकाऱ्याच्या बढतीची पार्टी पुण्याच्या कॅम्पातल्या एका छोट्या मायक्रोब्रुअरीत होती. आम्ही गेलो, लिंबू सोडा घेतला. काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या चकाकत होत्या. तिथला माणूस हौसेने सांगत होता: मोड आणून वाळवलेली बार्ली गरम पाण्यात घालून तिची साखर उतरवायची, हॉप्स टाकून उकळायचे, मग यीस्ट घालून आंबवायचे. लोक फोटो काढत होते. याला म्हणे 'क्राफ्ट' म्हणतात, म्हणजे कारागिरी.

आम्हाला मात्र वर्तमानपत्रातली नेहमीची बातमी आठवली: 'हातभट्टीवर छापा, गूळमिश्रित रसायन नष्ट.' तिथेही आंबवणेच असते, पुढे ते भट्टीवर गाळतात एवढाच फरक. तिथेही फोटो निघतो, पण आरोपीचा. मग एका हाताला शाबासकी आणि दुसऱ्याला बेडी का?

परवाना, असे उत्तर मिळेल. पण परवान्यालाही इतिहास आहे. इंग्रजांनी १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे सरकारच्या मुठीत घेतले. १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवरही कायदा आला. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. कंजारभाटांसारख्या ज्या जमातींना गाळण्याचे कसब होते, त्याही त्यात सापडल्या. १९५२ मध्ये कागदावरचा शिक्का पुसला गेला. जमीन आणि भांडवल कुणी दिले नाही. आज १९४९ चा एकच दारूबंदी कायदा भांडवलवाल्याला परवाना देतो आणि पालावरच्या बाईला कलम ६५ लावतो.

कुणी म्हणेल, हातभट्टीने माणसे मरतात. खरे आहे. २०१५ मध्ये मालवणीत शंभरावर माणसे मिथेनॉलने मेली. पण मेले कोण? गरीबच. म्हणजे तपासलेला, बिनविषारी ग्लासही पैसेवाल्यालाच!

मग आपण हातभट्टीचे परवाने मागायचे का? नाही. इथे बाबासाहेबांची दोन पावले एकत्र पाहा. १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात त्यांनी दारूबंदी उठवून अबकारीचे उत्पन्न वाचवा, अशी मागणी केली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्याला दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. यात विसंगती नाही. राज्याची तिजोरी वेगळी, आपले शील वेगळे. शील पोलिसाच्या दंडुक्याने पाळायचे नसते, ते स्वतःहून पाळायचे असते.

म्हणून आमचे म्हणणे दोन बाजूंनी आहे. सरकारला: छाप्यांवर थांबू नका, अबकारीच्या पैशातून भटक्या-विमुक्तांच्या मुलांची वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि पालकांसाठी दुसरा रोजगार उभा करा. आणि आपल्या शिकलेल्या, पगारदार तरुणांना: ग्लास महाग झाला म्हणून पाचवे शील सैल होत नाही. वस्तीतल्या बापाच्या दारूची लाज वाटते, तर ऑफिसच्या पार्टीतल्या बिअरचा अभिमान कशाला?

जय भीम! नमो बुद्धाय!