गाभारा की गोदी?

दोस्तांनो, या अंकाचं संपादकीय क्वांटमवर आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. गोदीत ओझी उचलणाऱ्या मॅट्रिक पास माणसाने असल्या विषयात तोंड घालू नये असं ज्यांना वाटतं, त्यांच्या नाकावर टिच्चून लिहितोय. कारण बर्लिन, लंडन, बाझल, यामागुची अशा शहरांत कलेचं एक नवं प्रकरण रुजलंय. प्रचंड मोठा अंधारा हॉल, चारी बाजूंनी अंगावर येणारा प्रकाश, छातीत घुमणारा आवाज आणि दारावर पाटी की हे सगळं क्वांटम भौतिकीतून सुचलेलं आहे. या प्रकरणात आपल्या कामाचं बरंच काही आहे आणि आपल्याला नडणारंही आहे. दोन्ही निवडून वेगळं ठेवायचं, एवढंच या पानाचं काम.

त्या हॉलांत मी बसलेलो नाही. तिकिटाचे आणि विमानाचे पैसे कुठून आणू? त्या कामांची चित्रीकरणं पाहिली, करणाऱ्यांनी आणि शास्त्रज्ञांनी सांगितलेलं वाचलं, जे पक्कं कळलं तेवढ्यावर बोलतो.

आधी क्वांटम म्हणजे काय ते रोखठोक सांगतो. पदार्थाच्या सगळ्यात बारीक पातळीवर एखादा कण नेमका कुठे सापडेल हे आधी सांगता येत नाही. शक्यता किती ते काढता येतं, आणि ती शक्यता लाटेच्या गणिताने चालते. 1989 साली जपानमध्ये हिताची कंपनीच्या अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे डोळ्यांनी बघता येईल असं करून दाखवलं. इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले, जायला दोन वाटा ठेवल्या. पडद्यावर एक ठिपका पडला. मग दुसरा. दहा पडले, दोनशे पडले, तरी काही अर्थ लागत नाही. कुणी भिंतीवर पान थुंकावं तसे शिंतोडे. हजारो पडल्यावर मात्र हळूहळू पट्टे दिसायला लागतात, एक भरलेला, एक रिकामा, दोन लाटा एकमेकींत शिरल्यावर व्हावेत तसे. एका वेळेला यंत्रात एकच इलेक्ट्रॉन, आणि तरी नक्षी लाटेची! ही चित्रफीत आजही बघायला मिळते. क्वांटमवरची सगळ्यात जबरदस्त दृश्यकला मला विचाराल तर हीच. तिला ना संगीत, ना धूर. फक्त ठिपके आणि धीर.

आता कलावंतांकडे येऊ. जिनिव्हाजवळ स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या हद्दीवर, जमिनीखाली साधारण 100 मीटरवर, 27 किलोमीटर घेराचा बोगदा आहे. सर्न संस्थेचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर तो हाच. त्यात प्रोटॉनचे पुंजके समोरासमोर आणतात, सेकंदाला सुमारे 4 कोटी वेळा. टकरीतून जे उडतं ते भोवतीची यंत्रं टिपतात. यातूनच 2012 साली हिग्ज बोसॉन सापडल्याचं जाहीर झालं. 2011 पासून ही संस्था कलावंतांनाही बोलावते, राहू देते, शास्त्रज्ञांशी भांडू देते.

जपानचा र्‍योजी इकेदा तिथे राहून आला आणि 2014 साली यामागुचीत त्याने 'सुपरसिमेट्री' मांडलं. पुढच्या वर्षी ते लंडनमध्ये एका कार पार्कच्या इमारतीत लागलं. एका दालनात उजेडाची तीन टेबलं. ती हळूहळू कलतात, वर बारीक छर्रे घरंगळतात, आणि लेझर त्यांच्या जागा टिपत जातो. दुसऱ्या दालनात समोरासमोर पडद्यांच्या लांब रांगा, 40 प्रोजेक्टर, आकड्यांचा धो धो पाऊस, कानात सुईसारखा आवाज. मधून चालायचं.

ब्रिटनची दोन माणसांची जोडी 'सेमीकंडक्टर' या नावाने काम करते, रूथ जार्मन आणि जो गेरहार्ट. त्यांनी 2018 साली बाझलच्या कलाजत्रेत 'हेलो' उभं केलं. मोठं गोल पिंप समजा, माणसं आत शिरतील एवढं. आत चौफेर पडद्यावर सर्नच्या ॲटलास यंत्राने टिपलेल्या टकरी, वेग कमी करून दाखवलेल्या. आणि पिंपाभोवती 384 उभ्या तारा. त्याच टकरींच्या नोंदी हातोड्या चालवतात, हातोड्या तारांवर आपटतात, आणि जे घडलं त्याचा आवाज होतो. मला हे काम आवडतं. इथे 'प्रेरणा' नावाचा गुळगुळीत शब्द मधे येत नाही. नोंद आली की हातोडी पडते. जहाजातून माल उतरताना टॅली होते ना, तसंच. स्लिंग आली, खूण केली. तुमच्या मनात काय आहे याच्याशी टॅलीला देणंघेणं नाही.

इकेदाच्या नावातही एक गोष्ट आहे. सुपरसिमेट्री हा भौतिकशास्त्रातला अंदाज आहे. प्रत्येक जातीच्या कणाला एक जड जोडीदार असावा असा. गणित देखणं, मोठमोठी माणसं त्याच्या प्रेमात. कोलायडरने शोध शोध शोधलं. आजपर्यंत असा एकही जोडीदार हाती लागलेला नाही. आणि शास्त्रज्ञ ते छापून सांगतात की बाबांनो, शोधलं, नाही मिळालं. दोस्तांनो, या वाक्याची किंमत ओळखा. आपल्या देशात हजारो वर्षं माणसं चिरडणारी पुस्तकं झाली, त्यातल्या एकानेही कधी म्हटलं का, की आम्ही तपासलं आणि ते खोटं निघालं?

इथपर्यंत कौतुक झालं. आता भांडण.

या हॉलांत शिरणाऱ्याला वाटतं की उजेड आपोआप येतो. आकडे आकाशातून पडतात. मला त्या अंधारात हात दिसत नाहीत. त्याच बोगद्यावर सीएमएस नावाचं दुसरं यंत्र आहे, 14,000 टन वजनाचं. ते जमिनीवर बांधलं आणि 15 मोठ्या तुकड्यांत क्रेनने खाली सोडलं. सगळ्यात जड तुकडा 28 फेब्रुवारी 2007 ला उतरवला. जवळजवळ 2,000 टन, 100 मीटर खोल विहीर, कडेला मोकळी जागा वीतभर, 20 सेंटिमीटर. दहाएक तास लागले. ज्याने कधी हूक लावलाय, सिग्नलमनच्या हाताकडे डोळे लावून श्वास रोखलाय, त्याला कळेल हे काय काम आहे. त्या यंत्राच्या एका भागातलं पितळ रशियन नौदलाच्या जुन्या तोफगोळ्यांच्या पुंगळ्या वितळवून केलंय. दहा लाखांवर पुंगळ्या! माणसं मारायला ओतलेलं भंगार, ते कण मोजायला लागलं. आणि याच यंत्राचा एक थर, बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमीटर, आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी इतर भारतीयांबरोबर बनवला. मुंबईचे हात तिथे शंभर मीटर खोल आहेत.

यातलं किती दिसतं त्या चमचमाटात? कलावंत मोजमाप दाखवतो आणि मोजणारा झाकतो. कामगार वजा केला की उरतो तो चमत्कार. आणि जिथे चमत्कार तिथे पुजारी हजर.

अतिशयोक्ती वाटते? सर्नच्या आवारात 2004 पासून नटराजाची दोन मीटर उंच मूर्ती उभी आहे. भारत सरकारची भेट. फ्रित्जॉफ काप्राने 1975 साली एक पुस्तक लिहून कणांचा नाच आणि शिवाचा नाच एकाच माळेत ओवला, त्याची वाक्यं शेजारच्या पाटीवर. म्हणजे कुलाब्यात माणसांनी मान मोडून बनवलेलं यंत्र जमिनीखाली, आणि देव वर उन्हात, फोटो काढायला! जगाला देण्याजोगं या देशाकडे काय आहे, याचं सरकारी उत्तर बघून घ्या. आपल्या वेदांत हे सगळं आधीच होतं असं म्हणणारे मग मोकळे सुटतात. वेदांत होतं तर 1925 साली हायझेनबर्गने डोकं कशाला फोडून घेतलं? आणि ते ज्ञान कानावर पडू नये म्हणून कुणाच्या कानांची व्यवस्था लावायला सांगितली होती, हेही एकदा सांगा की.

यांचा आवडता मंत्र म्हणजे 'बघणारा'. बघितल्याने वस्तुस्थिती बदलते, म्हणून मन हेच विश्व, म्हणून चांगला विचार करा, गरिबी जाईल. साफ भंपक. दोन वाटांच्या प्रयोगात इलेक्ट्रॉन कुठल्या वाटेने गेला याची खूण कुठेही उरली तर पट्टे जातात, हे खरं. पण ती खूण यंत्रावर उमटली तरी पुरते. माणूस घरी झोपला असला तरी पट्टे जातातच. तिथे मोजमाप आहे, ध्यानधारणा नाही. दीपक चोप्राने 1989 साली क्वांटमचं नाव देऊन रोग बरे करायचं पुस्तक काढलं, 1998 साली त्याला थट्टेचं इग नोबेल मिळालं. थट्टा तिकडे झाली. इकडे अजून त्या नावावर दुकानं चालतात, आणि आपल्या वस्तीतली बाई तिथे औषधाचे पैसे घालते.

म्हणून अंधाऱ्या हॉलाची मला धास्ती. अंधार, घुमणारा नाद, लांबून दिसणारा प्रकाश, आत गेल्यावर गप्प बसायचं. ही रचना ओळखीची नाही? आपल्या बापजाद्यांना जिच्या पायरीवर थांबवलं तीच ही रचना. आता तिकीट काढून आत घेतील, पण डोकं टेकायलाच लावणार असतील तर काय मिळवलं?

पैशाचंही बोलू. 'हेलो'चा खर्च स्वित्झर्लंडच्या एका महागड्या घड्याळ कंपनीच्या कला योजनेतून आला. 2025 साली, क्वांटम यांत्रिकीला शंभर वर्षं झाली म्हणून राष्ट्रसंघाने ते वर्ष पाळलं, तेव्हा बर्लिनमध्ये लोर प्रुव्हो या कलावंत बाईने 'वी फेल्ट अ स्टार डाइंग' मांडलं. व्हिडिओ, आवाज, वास, वर टांगलेली हलती शिल्पं. सल्लागारांत गुगलच्या क्वांटम विभागाचा प्रमुख हार्टमुट नेव्हन. जागा होती पूर्व बर्लिनची बंद पडलेली वीज-उष्णता गिरणी, जिथे एकेकाळी कामगार आग आणि वाफ सांभाळून शहराला ऊब द्यायचे. गिरणी बंद झाली की आधी कामगार जातो, मग कला येते. हे मुंबईला नव्याने सांगायला नको. क्वांटम संगणक उद्या कुलुपं फोडणार, औषधं शोधणार, आणि कुणाच्या मालकीचा असणार? हा प्रश्न वासाने आणि संगीताने विसरायला लावला तर ती कला मालकाची.

उलट उदाहरणही आहे. लिबी हीनी ही बाई आधी क्वांटम भौतिकीची संशोधक, मग कलावंत. 2022 साली बर्लिनमध्ये तिने 'एन्ट-' केलं. बॉश या जुन्या डच चित्रकाराच्या स्वर्ग-नरकाच्या चित्राला तिने स्वतः लिहिलेल्या क्वांटम प्रोग्रॅममधून काढलं, आणि त्या नरकात ही यंत्रं विकणाऱ्यांनाही जागा आहे असं सुचवलं. हत्यार तिच्या स्वतःच्या हातात आहे, म्हणून तिला फसवणं कठीण. आपल्या पोरांनी पाठ करायचा धडा हाच.

आपल्याकडे तो धडा जुना आहे. 1924 साली ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोसांनी आइन्स्टाइनला लेख पाठवला. त्यात होती मोजायची नवी रीत. दोन गोट्या, दोन डबे, तर गोट्या ठेवायच्या रीती चार. पण प्रकाशाचे कण इतके एकसारखे की अदलाबदल केली तरी काही बदलत नाही. म्हणून रीती तीनच. या एका मोजणीने भौतिकशास्त्र हललं, 'बोसॉन' हे नाव तिथून. यावर 'कणांत जात नाही' म्हणून टाळी घेणं सोपं आहे. मी घेणार नाही. बोसांचे वर्गमित्र मेघनाद साहा कलकत्त्याच्या वसतिगृहात राहायला गेले तर 'खालच्या' जातीचा म्हणून त्यांच्या पंगतीला हरकत घेतली गेली. सूर्यताऱ्यांचं तापमान वाचायचं समीकरण ज्याने दिलं त्याला! इलेक्ट्रॉन समता आणणार नाहीत. ती आपल्यालाच आणावी लागेल.

तेव्हा असल्या कुठल्याही हॉलाच्या दारात तीन प्रश्न विचारा. इथे खरी नोंद आहे की नुसता झगमगाट? ती नोंद कुणाच्या हातांनी आली? आणि बाहेर पडताना मी जास्त मोजू शकतो की जास्त घाबरतो?

आणि तोवर आपला हॉल आपण करू. बाजारात लाल लेझरची दिवटी थोडक्या पैशांत मिळते. रात्री खोलीतला दिवा मालवा. डोक्याचा एक केस ताणून दिवटीच्या तोंडावर चिकटवा, दोन मीटरवरच्या भिंतीवर उजेड टाका. डोळ्यात मात्र कुणाच्याही मारू नका. भिंतीवर ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना पट्टे दिसतील, साधारण दोन दोन सेंटिमीटरवर. केस जितका बारीक तितके पट्टे लांब लांब. पट्टी घ्या, अंतर मोजा, त्यावरून केसाची जाडी काढा. लहान पोरांना करू द्या, पोरींना आधी. लाटेचा अर्धा धडा झाला, उरलेला ठिपक्यांचा अर्धा तोनोमुराच्या फितीत बघा. कुणाच्या पाया पडायची गरज लागली का, ते आम्हाला कळवा. आलेली मापं पुढच्या अंकात छापू.